पोतं माळ्यावरून खाली काढा

या वेळचं पत्र पिंपरीहून आलंय. नाव छापू नका असं त्यांनी पत्रात दोनदा लिहिलंय, म्हणून नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील मी बदललेत. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"ताई, मी ६१ वर्षांचा, भोसरीतल्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालो. मुलगी २४ ची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, शनिवार-रविवार एका कलापथकात गाते, डफ वाजवते. बाबासाहेबांची गाणी असतात, पाण्याची, बेकारीची, कंत्राटी कामगारांची. मागच्या महिन्यात दुपारी साध्या कपड्यातले दोघं घरी आले, पोलीस आहोत म्हणाले. मुलगी कुठे जाते, कुणाबरोबर जाते, कार्यक्रमाचे पैसे कोण देतं, असं सगळं विचारलं. मी चहा दिला. जाताना एकाने तिच्या पुस्तकांच्या कपाटाचा मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन जिन्यात अडवून म्हणाले, काय भानगड आहे? मुलाचं जर्मनीचं ठरतंय, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन बाकी आहे. माझा मेहुणा म्हणाला, यूएपीए लागला तर पोरगी दहा वर्षं बाहेर येत नाही. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेल्यावर गुडघे दुखत होते तरी स्टुलावर चढलो, तिची सगळी पुस्तकं पोत्यात भरली आणि माळ्यावर टाकली. फॅमिली ग्रुपवरचे तिच्या गाण्याचे व्हिडिओ डिलीट केले. ती आली, रिकामं कपाट बघितलं, काही बोलली नाही. आज सतरा दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. मी चुकलो का? तिला गाणं सोडायला सांगू का?"

दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी त्या स्टुलापाशी येऊन थांबले. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. गाणं सोडायला सांगू नका. आणि चुकलात का, तर हो, चुकलात, पण जे केलंत ते घाबरलेल्या बापाने केलं आणि तुमची भीती खोटी नाही, उगाच घाबरताय असं मी तुम्हाला म्हणणार नाही. भीती खरी आहे म्हणूनच तिच्याबद्दल नीट बोलायला पाहिजे, कारण आत्ता तुमच्या घरात ती भीतीच एकटी बोलतेय आणि बाकी सगळे गप्प आहेत.

आधी माझ्या घरातलं सांगते. १९७५ साली मी अकरा वर्षांची होते, वडील शाळामास्तर, आम्ही एका तालुक्याच्या गावी राहायचो. आणीबाणी लागली आणि पंधरा-वीस दिवसांत मागच्या गल्लीतल्या एका मास्तरांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय आत ठेवायच्या कायद्याखाली, उचललं, का ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, नुसतं "मिसात घातलं" एवढंच सगळे म्हणायचे. त्या रात्री वडिलांनी कपाटावरचा साप्ताहिकांचा गठ्ठा काढला, सुतळीने बांधलेला, दोन-तीन वर्षांचे अंक असतील, आणि पहाटे उठून एकेक अंक बंबात घातला. मी न्हाणीच्या दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, एक अंक संपला की दुसरा फाडून आत सारायचे, हाताला राख लागली होती ती धोतराला पुसत होते. त्या दिवशी पाणी रोजच्यापेक्षा कडक तापलं होतं, आईने मला त्याच पाण्याने आंघोळ घातली आणि "कुणाला सांगायचं नाही" एवढं एकच वाक्य बोलली. १९७७ ला आणीबाणी उठली, पुढे मिसाही गेला, मागच्या गल्लीतले मास्तर सुटून परत आले, सत्कार पण झाला त्यांचा. पण आमच्या घरात जेवताना जे बोलणं चालायचं, पेपरातलं, गावातलं, ते परत सुरू झालंच नाही. वडील पुढे तीस-बत्तीस वर्षं जगले आणि त्या अंकांत काय होतं हे मी त्यांना कधीच विचारू शकले नाही, त्यांनी पण कधी सांगितलं नाही. आमच्या दारात एकही पोलीस आला नव्हता दादा, एकही नाही, सगळं आम्हीच केलं आमच्या हाताने. म्हणून तुमचं ते पोतं वाचून मला राहवलं नाही.

आता मेहुण्यांच्या बोलण्याबद्दल. ते अर्धं खरं बोलले, आणि अर्धं खरं फार घाबरवतं, त्यापेक्षा पूर्ण माहिती असलेली बरी. यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, १९६७ चा आहे. आधी तो बेकायदा संघटनांपुरता होता. मध्ये टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला, १९९५ ला त्याची मुदत संपू दिली कारण त्याचा गैरवापर फार झाला होता, मग २००२ ला तसाच पोटा आला, तो २००४ ला रद्द केला, आणि त्याच वर्षी पोटातल्या बऱ्याच तरतुदी उचलून यूएपीएत टाकल्या. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये जामिनाची अट कडक केली. २०१९ ला आणखी एक बदल झाला, आता संघटनाच नाही तर एखाद्या माणसालाही सरकार दहशतवादी जाहीर करू शकतं.

तुम्हाला कळायला पाहिजे ती गोष्ट म्हणजे जामीन. साध्या गुन्ह्यात पोलिसांना साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट द्यावं लागतं, इथे ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळते. आणि चार्जशीट वाचून कोर्टाला आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचाच नाही असं कलम आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने वटाली केसमध्ये सांगितलं की जामिनाच्या वेळी पुरावा फार खोलात जाऊन तपासायचा नाही. म्हणजे पोलिसांनी जे लिहिलंय ते त्या टप्प्यावर खरंच धरून चालायचं, उलटतपासणी नंतर, खटला चालेल तेव्हा, आणि खटला कधी चालेल याचा पत्ता नाही. सरकारने स्वतः फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत आकडे दिलेत, २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ लोकांना अटक झाली आणि त्याच काळात शिक्षा झाली १३२ जणांना. अटक झालेले आणि शिक्षा झालेले एकाच केसमधले असतील असं नाही, खटले वर्षानुवर्षं चालतात, पण अंदाज येतो ना. शिक्षा होवो न होवो, आत राहणं होतंच.

आणि हे फक्त कलाकारांचं नाही, त्यांच्याबद्दल निदान पेपरात येतं तरी. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात नऊ मुस्लिम माणसं पकडली, पाच वर्षं आत राहिली, २०११ ला जामीन आणि २०१६ ला विशेष कोर्टाने आरोपमुक्त केलं. त्याच वर्षीचे मुंबईच्या लोकलमधले स्फोट, ११ जुलै २००६, सात स्फोट, १८० च्या वर माणसं गेली, माझ्या नणंदेचे शेजारी त्यातल्या एका गाडीत होते, ते वाचले पण एका कानाने आजही ऐकू येत नाही. त्या केसमध्ये खालच्या कोर्टाने ज्या बारा जणांना शिक्षा दिली होती, पाच जणांना तर फाशी, त्या सगळ्यांना जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षांनी! एकजण तर तुरुंगातच कोरोनाने गेला होता, त्याचं निर्दोष असणं त्याच्या पश्चात जाहीर झालं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय. मी हे दोन्ही एकत्र सांगतेय कारण लोकलमधून जाणाऱ्या माणसाला संरक्षण पाहिजे हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे, पण एकोणीस वर्षांनी त्या शेजाऱ्यांना पण काही मिळालं नाही आणि त्या बारा घरांना पण नाही.

आता तुमच्या मुलीच्या जवळची गोष्ट, कारण मेहुण्यांच्या डोक्यात तीच असणार. कबीर कला मंच पुण्यातलाच, २००२ च्या गुजरात दंगलीनंतर तरुण पोरांनी सुरू केला. वस्त्यांमध्ये, चौकात, डफ-ढोलकी घेऊन जातीवर, दंगलींवर, कामगारांवर गाणारी मुलं. २०११ मध्ये राज्याच्या एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, त्यांच्यातल्या दोघांना यूएपीएखाली अटक केली, माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप. बाकीचे भूमिगत झाले. जानेवारी २०१३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी काहींना जामीन देताना स्पष्ट लिहिलं की भ्रष्टाचार, विषमता, गरिबांची पिळवणूक यावर बोलणं आणि चांगला समाज यावा असं वाटणं याला आपल्या देशात बंदी नाही. त्यानंतर २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर आले, आम्ही शरण येत नाही, सत्याग्रह करतोय म्हणाले. शीतल तेव्हा गरोदर होती, तिला जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन माळी आणि मागून हजर झालेले सागर गोरखे, रमेश गायचोर यांना मात्र सुप्रीम कोर्टातून जामीन मिळाला तो थेट जानेवारी २०१७ मध्ये. जवळजवळ पावणेचार वर्षं. शीतल-सचिनचं मूल तोपर्यंत चालायला-बोलायला लागलं होतं.

पुढे ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये एनआयएने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने, गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना त्या केसमध्ये अटक केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्योतीचा जामीन नाकारताना हायकोर्टाच्या आदेशात त्या दिवशीच्या सादरीकरणातल्या शब्दांचा उल्लेख आहे, 'अच्छे दिन', 'गोमूत्र', 'शाखा' असे शब्द, आणि त्यातून निवडून आलेल्या सरकारची टिंगल केली, ते उलथवण्याची भाषा होती असं कोर्टाचं म्हणणं. कोर्टासमोर बाकीही साहित्य होतं, साक्षीदारांचे जबाब होते, ते झाकून मी गोष्ट सांगणार नाही. आरोपींना आरोप मान्य नाहीत. पण पथनाट्यातले टोमणे आदेशात मोजले गेले ही गोष्ट ज्याने ज्याने वाचली, त्या प्रत्येक शाहिराने घरी जाऊन आपली वही काढून बघितली असणार. आणि टोमणा काढला तर पथनाट्यात राहतं काय हो, आपल्याकडे वगात राजाला प्रजेसमोर वेड्यात काढल्याशिवाय प्रेक्षक उठतच नाहीत.

शाहिरांवर संशय ही आपल्याकडे आजची गोष्ट नाही. इंग्रजांनी १८७६ ला नाट्यप्रयोगांवर कायदाच केला होता, 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली ती कीचकामध्ये लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला म्हणून. तो १८७६ चा कायदा आपल्या पुस्तकातून निघाला कधी, तर २०१८ ला. स्वातंत्र्यानंतर अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकालाही सरकारचा रोष सोसावा लागलाच. आज त्याच अण्णा भाऊंची जयंती १ ऑगस्टला सगळे पक्ष बॅनर लावून करतात. तुमच्या चौकात पण लागत असेल बॅनर.

आता कामाचं बोलू, वही-पेन घेऊन बसा.

तुमच्या घरी जे झालं ती अटक नाही, केस नाही, नोटीससुद्धा नाही. ती चौकशी. आलेले दोघं वरून आलेला हुकूम बजावत असणार, त्यांच्यावर राग धरू नका, चहा दिलात ते चांगलंच केलंत. पण पुढच्या वेळी कुणी आलं तर दारातच नम्रपणे ओळखपत्र बघायचं, नाव, बक्कल नंबर आणि पोलीस स्टेशन लिहून घ्यायचं, तारीख-वेळ टाकायची. मागची पण आठवून आजच लिहून ठेवा, चेअरमन काय म्हणाले ते सुद्धा. घरात फोटो काढायला लागले तर "साहेब, झडतीचं वॉरंट किंवा लेखी काही आहे का" एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. खरोखर झडती झालीच तर पंचनामा होतो, पंच लागतात, आणि १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक आहे. पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. जप्तीच्या यादीची कॉपी मागून घ्यायची.

पोलीस ठाण्यात या असा फोन आला तर घाईघाईत रिक्षा पकडू नका. लेखी समन्स मागा. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर बाईला आणि साठीच्या वरच्या पुरुषाला त्यांच्या राहत्या घरी विचारायचं असं कायद्यात आहे, म्हणजे तुम्ही दोघंही त्यात बसता. संशयित म्हणून नोटीस आली तर मात्र जायचंच, ती टाळायची नाही, पण वकिलाला घेऊन. आणि कुठल्याही परिस्थितीत स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्ये आहे. अटकेची वेळ आली, येऊ नये पण आली, तर कारणं लेखी द्यावी लागतात. न्यूजक्लिक या बातम्यांच्या वेबसाइटचे प्रबीर पुरकायस्थ यांची यूएपीएखालची अटक मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच एका मुद्द्यावर बेकायदा ठरवली. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, आणि बाईला सूर्य मावळल्यानंतर अटक करायची नसते, अगदी अपवाद सोडून.

वकिलाचा खर्च कसा करू हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नाहीये पण तो ओळींच्या मध्ये दिसला मला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. हेल्पलाइन १५१००. पण मी म्हणेन आत्ताच, काही झालेलं नसताना, फौजदारी काम करणाऱ्या एका वकिलाला जाऊन भेटा, सगळं सांगा, त्यांचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि एक फ्रिजवर कागदावर. मी वकील नाही, मी सांगतेय ते वर्षानुवर्षं अशा केसमध्ये अडकलेल्या लोकांच्या घरांत बसून शिकलेलं आहे.

पासपोर्टचं म्हणाल तर जिथे साधारणपणे अडतं ते अर्जदारावर कोर्टात फौजदारी केस चालू असेल तर. बहिणीबद्दल कुणी येऊन दोन प्रश्न विचारून गेलं, याने भावाचा पासपोर्ट अडवता येत नाही. अडला तर लेखी कारण मागायचं. आणि हे मुलाला तुम्ही सांगा, नाहीतर घरात भाऊ-बहिणीत उगाच कडवटपणा यायचा, बहुतेक आलाच असेल. चेअरमनना सांगा की पोलीस येऊन बोलून गेले, केस काही नाही, विषय संपला. सोसायटीचा मेंटेनन्स भरता ना वेळेवर, मग त्यांच्याशी याउपर देणं-घेणं नाही.

आता पुस्तकं. दादा, लपवलेलं पुस्तक हे उघड्या कपाटातल्या पुस्तकापेक्षा शंभर पटीने वाईट दिसतं. समजा उद्या ते परत आले, त्यांच्याकडे भरलेल्या कपाटाचा फोटो आहे, आणि आता कपाट रिकामं आणि माळ्यावर पोतं. कसं दिसेल सांगा बरं. पुस्तक घरी असणं हा गुन्हा नाही. त्याच भीमा कोरेगावच्या केसमधले व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना पाच वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये जामीन देताना सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की एखादं साहित्य नुसतं जवळ बाळगणं, त्यात हिंसेचा पुरस्कार असला तरी, एवढ्याने दहशतवादाचा गुन्हा होत नाही. पाच वर्षं गेली हे एवढं एक वाक्य मिळवायला, निदान आपण तरी ते वाया घालवू नये. तुमच्या पत्रात तुम्ही पोत्यातली नावं दिलीत, त्यात आंबेडकरांचे खंड आहेत जे महाराष्ट्र सरकारने छापलेत, एक मायक्रोबायॉलॉजीचं टेक्स्टबुक आहे आणि तिच्या आठवीतल्या बक्षिसाचं पुस्तक. घाबरलात की हात निवड करत नाही, जे दिसेल ते भरतो. व्हिडिओ डिलीट करण्याचं पण तेच, अजून काही केस नाही म्हणून ठीक, पण यापुढे फोनमधलं काहीही पुसायचं नाही, उद्या काही झालं तर ती गोष्ट पुरावा नष्ट केला म्हणून अंगाशी येते.

मुलीच्या ग्रुपने पण काही गोष्टी पाळल्या पाहिजेत, आणि त्या तिला बापाचा हुकूम म्हणून सांगू नका, बसून बोला. कार्यक्रमाची परवानगी, लाउडस्पीकरची परवानगी, त्यांच्या कॉपी एका फाइलमध्ये. गाण्यांच्या आणि पथनाट्याच्या संहिता तारीख टाकून जपायच्या, म्हणजे उद्या कुणी म्हणालं की तुम्ही असं असं बोललात तर काय बोललो ते दाखवता येईल. वर्गणीचा हिशोब दहा रुपयांपासून. कुणी "ही बॅग दोन दिवस ठेव", "हा पेनड्राइव्ह पोचव" म्हणालं तर नाही म्हणायचं, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. भीमा कोरेगावच्या केसमधले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून मालवेअर टाकून कागदपत्रं घुसवली असा अहवाल अमेरिकेतल्या एका फोरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये दिला, बचाव पक्षाच्या वतीने तपासून. खरंखोटं कोर्टात ठरेल, पण त्यातून शिकायचं ते शिकायचं, अनोळखी मेलमधली अटॅचमेंट उघडायची नाही, फोन अपडेट ठेवायचा, आणि कधी जप्त झालाच तर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फोनमधल्या डेटाचा ठशासारखा आकडा, पंचनाम्यात लिहून मागायची, म्हणजे नंतर कुणी आत काही टाकलं तर पकडता येतं.

आणि एक गोष्ट थोडी कडक. गृह मंत्रालयाच्या वेबसाइटवर बंदी घातलेल्या संघटनांची यादी आहे, ती ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकदा बसून वाचावी. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सदस्य असणं हा सुद्धा गुन्हा आहे. त्यात जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळात विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, त्यातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या बोललेले-लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं इथपर्यंत जाते, म्हणूनच कलाकार मंडळी आणि पत्रकार रस्त्यावर उतरले होते. मुलगी कुणाच्या मंचावर गाते, आयोजक कोण, हे तिला माहीत असलं पाहिजे. यात तिचा अपमान नाही, ती लॅबमध्ये सॅम्पलवर नाव-नंबर बघितल्याशिवाय हात लावत नाही ना, तसंच.

तिच्याशी कसं बोलू हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राचा अर्धा भाग त्या सतरा दिवसांचाच आहे. ती चिडली आहे असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं ती चिडली असेल त्यापेक्षा जास्त तिला एकटं वाटत असेल. बाहेर कुणीतरी तिच्याकडे संशयाने बघून गेलं, आणि घरी आल्यावर रिकामं कपाट बघून तिला वाटलं असणार की बाबांना पण तसंच वाटतं. तुम्हाला तसं वाटत नाही हे मला तुमच्या पत्रावरून कळलं, तिने ते पत्र वाचलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की ती सहा वर्षांची असताना कंपनीच्या संपात तुम्ही गेटवर बसला होतात आणि ती तुमच्या मांडीवर बसून घोषणा द्यायची. ते तिला आठवतं का विचारा एकदा. डफ आला कुठून तिच्या हातात?

काही होणार नाही असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. बहुतेक काही होणार नाही, बहुतेक ते दोघं कागदावर चार ओळी लिहून मोकळे झाले असतील, पण मी ते छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही आणि खोटं मला सांगायचं नाही. झालंच, तर ती बापाशी बोलत असताना झालेलं बरं की अबोल्यात, एवढा एकच हिशोब करा. तिने घाबरून गाणं सोडलं तर ते तिने ठरवलेलं असू दे, तुम्ही माळ्यावर टाकलेलं नको.

येत्या रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंयत, म्हणजे तुम्ही तारीख लक्षात ठेवलीये. जा. पुढे बसू नका, तिला अवघडल्यासारखं होईल, मागे चहाच्या टपरीपाशी उभे राहा, पण तिला दिसाल असे.

आणि त्याआधी पोतं. एकट्याने स्टुलावर चढू नका, गुडघे दुखतात म्हणालात आणि पुस्तकांचं पोतं उतरवताना तोल जातो. तिला हाक मारा, सतरा दिवसांनी पहिली हाक ही असू दे, की जरा इकडे ये, स्टूल धर.